पेपरात लिवलं हुतं का?

आमच्या घरी वर्तमानपत्र विकत येत नाही. ते अण्णांच्या खिशातून येते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हमाली करतात. ज्या अडत्याच्या गाळ्यावर त्यांचे काम असते, तेथे सकाळचा पेपर दिवसभर दहा हातांतून फिरतो आणि संध्याकाळी गुळाच्या डागांसकट आमच्या घरी पोचतो. अण्णांना अक्षरओळख नाही. सही करतात, तीही सावकाश. तेव्हा जेवणे झाली की आई भांडी घासणार, धाकटा भाऊ गणिते सोडविणार आणि मी पेपर वाचून दाखविणार, हा मी तिसरीत असल्यापासूनचा परिपाठ आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे यार्डात अण्णांच्या शब्दाला नाही म्हटले तरी थोडे वजन आले आहे. “पोरगी कॉलेजात हाय, ती वाचून सांगती,” एवढे म्हटले की पुढे वाद नाही. या वजनाला धक्का लावण्याचे काम मीच केले, आणि तेही अमेरिकेच्या निवडणुकीवरून!

२०२४ च्या नोव्हेंबरात मी प्रथम वर्षाला होते. पाच तारखेला अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान व्हायचे होते. डोनाल्ड ट्रम्प आणि कमला हॅरिस समोरासमोर होते. ट्रम्प यांच्याविषयी कोणी मध्यममार्गी बोलत नाही. एक तर डोक्यावर घेतात, नाही तर नावही नको म्हणतात. मोबाइलच्या कृपेने त्यांचा चेहरा आमच्या यार्डातल्या हमालांनाही पाठ झाला होता. एका रात्री अण्णांनी विचारले, “कोन येनार गं?” मी छातीठोकपणे म्हणाले, “बाईच येणार. त्या माणसाला लोक पुन्हा निवडून देणार नाहीत.” अण्णांनी दुसऱ्या दिवशी मुकादमाशी पैज लावली. टोळीत नऊ माणसे. हरेल त्याने नऊ चहा पाजायचे.

सहा तारखेला दुपारी चारच्या सुमारास निकाल आपल्याकडे कळला. संध्याकाळी अण्णा घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मी पेपर उघडला तसे म्हणाले, “थांब. तू सांगितलंस ते पेपरात लिवलं हुतं, का तुझ्या मनात हुतं?”

मला राग आला. मी म्हणाले, “सगळे पेपर तसेच लिहीत होते.” अण्णा काही बोलले नाहीत. पण ते झोपल्यावर मी फळीवरची रद्दी काढली. आधीच्या पंधरवड्यातले पाच-सहा अंक सापडले. एका अंकात ठळक अक्षरांत ‘अटीतटीची लढत’ होते. दुसऱ्यात, दोघांतील अंतर नगण्य असल्याचे चाचण्या सांगतात, असे स्पष्ट लिहिले होते. हे मी वाचले नव्हते असे नाही. वाचले होते, अण्णांना वाचून दाखविले नव्हते. जी ओळ मनाविरुद्ध गेली तिच्यावरून माझी जीभ आपोआप उडी मारीत असे. दहा वर्षे मी अण्णांची वर्तमानपत्र होते, आणि कोणत्या बाजूचे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

हा प्रकार मी राज्यशास्त्राच्या सरांना सांगितला. मला वाटले, हसतील. ते म्हणाले, “१९६४ सालचे वाच.” आणि ग्रंथालयाच्या संगणकावर बसवून दिले. परीक्षेला नसलेला विषय मी इतक्या नेटाने प्रथमच वाचला.

१९६४ साली रिपब्लिकन पक्षाने ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना उभे केले. समोर लिंडन जॉन्सन. गोल्डवॉटर सडेतोड बोलणारे, कडवे उजवे. त्यांनी त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेले. त्यांच्याविषयीही मधला सूर नव्हताच. मे महिन्यात एका मुलाखतीत व्हिएतनामच्या जंगलाचा आडोसा कसा काढता येईल, असा प्रश्न निघाला. लहान अणुबाँबने पाने झडू शकतील, पण आपण ते वापरू असे मला वाटत नाही, असे ते म्हणाले. बातमीत ‘पण’च्या अलीकडचे गाजले आणि पलीकडचे मागे राहिले. (येथे मला माझी जीभ आठवली.) जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सनसनाटीच्या मागे लागलेल्या स्तंभलेखकांवर टीका करताच प्रतिनिधी उठून उभे राहिले आणि पत्रकारांच्या दिशेने मुठी नाचवू लागले. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ हे जुने रिपब्लिकन वळणाचे पत्र. त्यानेही त्या वर्षी प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवाराला पाठिंबा दिला.

पण कळस केला ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने. नावच ‘वस्तुस्थिती’! त्यांनी देशातल्या १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारले: गोल्डवॉटर अध्यक्ष होण्यास मानसिकदृष्ट्या पात्र आहेत का? २,४१७ जणांनी उत्तर पाठविले. त्यांतले १,१८९ म्हणाले, अपात्र. ६५७ म्हणाले, पात्र. आणि ५७१ जणांनी कळविले की, आम्हाला सांगण्यापुरती माहिती नाही. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत काय छापले असेल? १,१८९ तज्ज्ञ म्हणतात, हा मनुष्य अपात्र! आकडा खरा होता, एकाचाही खोटा हिशेब नव्हता. फक्त उरलेले मुखपृष्ठावर नव्हते. आणि ज्या रोग्याला तपासले नाही त्याचे निदान छापून आले होते. गोल्डवॉटर यांनी पुढे संपादकावर दावा लावला. नुकसानीबद्दल एक डॉलर आणि दंडादाखल ७५,००० डॉलर असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की, स्वतः न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत द्यायचे नाही. तो नियम गोल्डवॉटर यांच्याच नावाने ओळखला जातो.

निवडणूक ते सपशेल हरले. पन्नास राज्यांपैकी सहा मिळाली. निर्वाचक मते ५२, जॉन्सन यांना ४८६. आता माझे मत सांगते. वर्तमानपत्रे गोडीगुलाबीने वागली असती तरी ते हरलेच असते. केनेडींच्या हत्येला वर्ष झाले नव्हते, जॉन्सन यांच्यामागे सहानुभूती होती, आणि गोल्डवॉटर यांची स्वतःची वाक्ये लोकांना घाबरवायला पुरेशी होती. म्हणजे ‘हा निवडून येत नाही’ हे पत्रांचे भाकीत बरोबर ठरले. पण भाकीत बरोबर ठरले म्हणून वागणे बरोबर ठरते का? त्यांना मत देणारे २ कोटी ७० लाखांहून अधिक होते. छापील अक्षर आपल्या बाजूचे नाही, ही गोष्ट त्या लोकांनी घरी नेली असणार; आणि घरी नेलेल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

म्हणूनच २०१६ वाचताना मला फारसे नवल वाटले नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या शंभर मोठ्या दैनिकांपैकी ५७ जणांनी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला, ट्रम्प यांना केवळ दोघांनी. एका वृत्तसंकेतस्थळाने तर २०१५ मध्ये ट्रम्प यांच्या बातम्या करमणुकीच्या सदरात टाकल्या होत्या. आपल्याकडे तिकीट वाटताना ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात ना, ते यांच्यात मुळीच नाही, असे जाणते लोक मतदानाच्या दिवसापर्यंत सांगत होते. गंमत अशी की, हीच प्रसारमाध्यमे त्यांची सभा सुरू होण्याआधीचे रिकामे व्यासपीठदेखील दाखवीत बसत. त्यांना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत २०१६ च्या मार्चपर्यंतच दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज निघाला होता. अग्रलेख विरोधात आणि कॅमेरा दारात! याला पक्षपात म्हणावा तर कोणत्या बाजूचा?

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मतदानाच्या दिवशी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता शंभरात ८५ सांगितली होती. आकडा नीट वाचला तर त्यात ट्रम्प यांच्यासाठी १५ होते. शंभरातले पंधरा म्हणजे काय ते आम्हा बी. ए.च्या विद्यार्थ्यांना कळायला हवे. वर्गात तितके मार्क मिळालेले आहेत. क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक पडली, पण निर्वाचक मतांत ३०४ विरुद्ध २२७ असे ट्रम्प जिंकले. ‘तो नको’ आणि ‘तो येत नाही’ ही दोन वाक्ये किती जणांच्या तोंडी एक झाली असतील! माझ्याही झाली होती. मला ते नको होते, हे म्हणायचा मला अधिकार होता. पण मी अण्णांना माझी नापसंती बातमीच्या आवाजात वाचून दाखविली.

हे सगळे मी एका रात्री अण्णांना सांगितले. पत्र पाठविणाऱ्या नियतकालिकाची गोष्ट त्यांना फार आवडली. त्यांनी आकडे परत विचारून घेतले आणि बोटांवर काही मोजले.

“मंजी धा हजारांनी कागूदच परत धाडला न्हाई?”

“दहा हजारांना थोडे कमी.”

“कामं आसतील त्यास्नी,” असे म्हणून ते खूप वेळ हसत बसले.

पैजेचे नऊ चहा त्यांनी पाजले. पैसे किती झाले ते मला सांगितले नाही. त्याच महिन्यात आपल्याकडे विधानसभेचे मतदान होते. यार्डात पुन्हा पैजा लागल्या. अण्णांनी विचारले, “कोन येनार?” मी पेपरातली बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखविली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “ह्ये पेपराचं झालं. आता तुझं सांग.” मी माझे सांगितले. मग त्यांनी त्यांचे सांगितले, ते दोन्हींहून निराळे होते, आणि आई आतून म्हणाली, “मला कुनी इचारलंच न्हाई.”