पावसाचं गणित आणि सतरा नंबरचा फॉर्म

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त गुडघ्यांचं सांगत होते, पण खरं कारण आळस. आज मात्र लिहायलाच हवं, कारण ह्या मे महिन्यात आमच्या घरी पंधरा दिवस पाऊस पडत होता. तोही नातीच्या लॅपटॉपमध्ये.

सुरुवात माझ्या आगाऊपणाने झाली. झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. त्या रात्री डायनिंग टेबलाशेजारचं बटणही बंद केलं. सकाळी नात डोक्याला हात लावून बसलेली. "आजी, नऊ तास झाले होते गं रनला. दोनच तास राहिले होते." पहाटे कधीतरी बॅटरी संपली आणि नऊ तासांचा हिशोब वाया गेला.

मला काही सुचेना. मग चहा करून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मला समजावून सांग, असं काय आहे ह्यात की अकरा तास लागतात?" आयुष्यभर दुसऱ्यांना समजावलं, आता जरा आपण विद्यार्थी होऊन बघावं.

नात सिव्हिल इंजिनियर आहे. किती पाऊस पडला तर कुठलं गटार तुंबेल, कुठल्या रस्त्यावर किती पाणी साचेल, ह्याचा हिशोब ती संगणकावर मांडते. त्यासाठी एसडब्ल्यूएमएम नावाचं सॉफ्टवेअर आहे. ही मुलं त्याला 'स्विम' म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७१ साली पहिल्यांदा केलं, आणि ते फुकट मिळतं. योगायोग असा की तिच्याकडे आलेला भाग आमच्या कुर्ल्याच्या जुन्या घराचा होता.

तिच्या नकाशात सहा हजारांच्या वर पाइप, गटारं आणि नाले. प्रत्येकात पाणी किती उंच आणि किती वेगाने, हे क्षणाक्षणाला काढायचं. आता 'क्षण' म्हणजे केवढा? गंमत इथेच आहे. पाण्याची लाट एका क्षणात अख्खा पाइप ओलांडून पुढे गेली तर गणित चुकतं. म्हणून क्षण लाटेच्या त्या प्रवासापेक्षा लहान हवा. ह्या अटीला कूरांट ह्या गणितज्ञाचं नाव आहे. त्याने दोघा सहकाऱ्यांबरोबर ती १९२८ साली मांडली. लाट सेकंदाला ३ मीटर जात असेल तर ६० मीटरच्या पाइपला २० सेकंदांचा क्षण चालतो, ३ मीटरच्या तुकड्याला मात्र एकच सेकंद. आणि सगळ्यांचा क्षण एकच असतो! म्हणजे सहा हजार पाइप त्या एका चिमुकल्या तुकड्याच्या चालीने चालणार. दिवसाचे सेकंद ८६,४००. तितक्या वेळा सहा हजारांचा हिशोब, आणि तोही उत्तर जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा.

मला शाळेची सहल आठवली. दोघादोघांची रांग असली की सगळी रांग सर्वांत लहान पोराच्या पावलांनी चालते.

तिला शुक्रवारपर्यंत असे तीस रन हवे होते. पाऊस कमी-जास्त, भरती कमी-जास्त, नाला साफ असला तर, नसला तर. तीस गुणिले अकरा, ३३० तास. म्हणजे जवळजवळ चौदा दिवस, अखंड. हातात होते पाच.

तिने आधी सोपी पद्धत लावून पाहिली. त्या पद्धतीत पाणी फक्त पुढेच वाहतं असं धरतात, म्हणून हिशोब काही मिनिटांत उरकतो. पण मुंबईत पाणी मागेही येतं. आपली नाल्यांची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात, समुद्र चढला की पाणी आत ढकललं जातं. ते पाणी ह्या गणितात येतच नाही. तेव्हा ती पद्धत बाद.

मग ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं, गल्लीबोळातली बारीक गटारं काढून टाक, त्यांचं पाणी थेट मोठ्या नाल्यात सोड. तिने तसं केलं. अकरा तासांचे चाळीस मिनिटं झाले! पोरगी आनंदाने नाचायची बाकी होती. मी चष्मा लावून नकाशा बघितला. पाणी साचेल तिथे निळा रंग. मी विचारलं, "आपली गल्ली कुठे आहे?"

"गल्ली आहे गं, गटार काढलंय."

"मग तिथे पाणी दिसत नाही ते?"

ती गप्प झाली.

त्या गल्लीत दर पावसाळ्यात पोटऱ्यांपर्यंत पाणी यायचं. आणि २६ जुलै २००५ चं तर काय सांगू. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, तिकडे कुलाब्याला जेमतेम ७३. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. मी शाळेतच अडकले होते, वरच्या मजल्यावर चाळीसेक मुलांना घेऊन. ती रात्र आम्ही बिस्किटं आणि गाण्यांच्या भेंड्यांवर काढली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर तळमजल्यावरच्या शेजारणीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. तिचं शिलाई मशीन गाळात रुतलेलं. आणि इथे नकाशात ती गल्ली कोरडी ठणठणीत!

आता जे लिहिणार आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीत असताना एका वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले, सत्कार झाला. तो कसा लागला, हे शिक्षक मंडळी न सांगता ओळखतील. आदल्या वर्षी नववीतली सहा कच्ची मुलं आम्ही अडकवली आणि त्यांच्या पालकांना बोलावून सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. वरून तसा आग्रह होता हे खरं, पण यादी माझ्या हातची होती. त्यातला एक मुलगा वाचायला फार वेळ घ्यायचा. एक धडा वाचायला त्याला अख्खी तासिका लागायची, आणि माझा पोर्शन मागे पडायचा. तो गेल्यावर वर्ग भराभर पुढे सरकला. आकडा सुधारला, मुलगा नाही. परीक्षेला बसला की नाही, तेही मी कधी विचारलं नाही.

नातीला हे सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, "उशीर नक्की कोण करतंय ते तरी बघ. सगळ्यांनाच का काढतेस?"

तर त्या सॉफ्टवेअरच्या अहवालात तशी यादीच असते! क्षण लहान करायला लावणाऱ्या पाइपांची. आम्ही दोघी एकेक बघत बसलो. बरेचसे तुकडे मीटर-दोन मीटरचे होते, प्रत्यक्षात नसलेले. नकाशा काढताना सरळ पाइप उगाच मध्ये तोडला गेला होता. ते शेजारच्या पाइपाला जोडून टाकले. एक रस्त्याखालची छोटी मोरी मात्र खरी निघाली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. ती ठेवली. एक पंप सारखा चालू-बंद होत होता, कारण त्याची दोन्ही पातळ्या जवळजवळ सारख्याच लिहिल्या होत्या. त्या लांब केल्या. दर दहा सेकंदांचे आकडे लिहून ठेवले जात होते, ते पाच मिनिटांवर आणले. फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर न लिहिता लॅपटॉपवरच लिहिली. संगणकाच्या सगळ्या कोअरना कामाला लावलं.

वेळ एक तास पन्नास मिनिटांवर आला. तीस रनला ५५ तास. आत किती पाणी आलं, बाहेर किती गेलं, ह्यातली तफावतही तिने तपासली, कारण वेगाच्या नादात पाणीच गायब झालं तर काय उपयोग? जुन्या आणि नव्या रनची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. जुळली. चाळीस मिनिटांच्या मानाने हे दुपटीहून जास्त. पण ह्यात कुणाला वर्गाबाहेर काढलेलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे तिसावा रन संपला. मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता, मुद्दाम लिहून ठेवते. तिने मला उठवून नकाशा दाखवला. "आजी, तुझी गल्ली बुडाली बघ."

खरंच, निळीशार दिसत होती. लोकांच्या घरात पाणी शिरलेलं बघून बरं वाटावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. निदान आता तिथे मोठा पाइप टाकायचा की नाही, ह्यावर कुणाला तरी बोलावं लागेल.

त्या सहा मुलांची नावं मला अजून पाठ आहेत. हजेरीच्या क्रमाने. ते आता पन्नाशीच्या आसपास असतील. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल आणि त्यांच्यापैकी कुणाचा पत्ता ठाऊक असेल, तर कळवा. मला भेटायचं आहे.

असो. पाऊस जवळ आला आहे, गच्चीवरच्या पन्हळी साफ करून घ्या.