पालखेडचा दुसरा तह

चि. श्रीधर,

तुझे पत्र पावले. पालखेडच्या माळावर निजामुल्मुल्क चहूबाजूंनी कोंडला गेला असता बाजीरावांनी त्याचा समूळ निकाल लावला नाही, त्याला तह देऊन जाऊ दिले, आणि त्या एका औदार्यापायी मराठवाडा 1948 पर्यंत आसफजाही अमलाखाली राहिला, असे तू पोटतिडकीने लिहिले आहेस. ती तळमळ मला परकी नाही. आपले घर ज्या गंगथडीत आहे तिच्या दोन्ही काठांनी हे दुःख दोन शतकांहून अधिक काळ सोसले आहे. परंतु ते युद्ध निराळ्या रीतीने संपवावयाचे झाले तर ते कोणत्या रीतीने, याविषयी माझे मत तुझ्याहून बरेच भिन्न आहे, आणि तेच आज सविस्तर लिहितो.

प्रथम तो प्रसंग नीट डोळ्यांपुढे आण. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांपैकी छत्रपती कोण हे आधी ठरू द्या, तोवर चौथाई कोणाला द्यावी हे मी कसे सांगू, असा कावेबाज सवाल करून निजामाने वसुली अडवली. पुढे संभाजीराजांना पुढे करून तो थेट पुण्यावर चालून आला. बाजीरावांनी पुणे सोडविण्याच्या भरीस न पडता जालना, खानदेश आणि गुजरात असा प्रचंड वळसा घेतला, बुऱ्हाणपुरास धोका असल्याची हूल उठवली, आणि शत्रूला आपल्यामागे धावावयास लावले. जड तोफखाना मागे टाकून धापा टाकीत आलेला तो सत्तावन्नाव्या वर्षातला, औरंगजेबाच्या छावणीत वाढलेला मुत्सद्दी, फेब्रुवारी 1728 च्या अखेरीस वैजापूरनजीक पालखेडास, रसद तुटलेली आणि पाणी दुर्मिळ अशा स्थितीत, सत्तावीस वर्षांच्या पेशव्याच्या वेढ्यात सापडला. मोठी लढाई अशी झालीच नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावी तह झाला. संभाजीराजांचा पक्ष निजामाने सोडला आणि सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीवरील शाहू महाराजांचा हक्क त्याने मान्य केला.

आता तू म्हणतोस तसा निजाम तेथेच संपला असता, तर काय झाले असते? दख्खनची सुभेदारी निजामाच्या देहाशी बांधलेली नव्हती. चारच वर्षांपूर्वी, 1724 त, साखरखेर्ड्याच्या रणात मुबारिझखान पडला तेव्हा त्याच्या जागी हाच निजाम बसला. हा पडता तर याच्याही जागी याचा पुत्र किंवा दिल्लीहून आलेला दुसरा कोणी बसता. शिवाय शाहू महाराजांचा कल त्याला समूळ उखडण्याकडे कधीच नव्हता, आणि त्यास केवळ मनाचा हळवेपणा म्हणून चालणार नाही. बाळाजी विश्वनाथांनी 1719 त दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्या बादशहाच्या होत्या. दहा लक्षांची पेशकश आणि पंधरा हजार स्वारांची चाकरी यांच्या बदल्यात मिळालेल्या होत्या. ज्या सनदेवर वसुलीचा सारा डोलारा उभा, त्याच सनदेच्या धन्याचा सुभेदार नाहीसा करणे हा कारभाराच्या दृष्टीनेही अवघड पेच होता.

पालखेडास चुकले असेल तर ते वेगळ्याच ठिकाणी, असे माझे ठाम मत आहे. विजेत्याने तेथे जमिनीचा तुकडा मागितला नाही. त्याने जमिनीच्या उत्पन्नातला हिस्सा मागितला. चौथाई म्हणजे चतुर्थांश, आणि उरलेले तीन भाग घेणारा कोणी धनी असल्यावाचून चतुर्थांशाला अर्थच उरत नाही. म्हणून हा तह शत्रूला शिल्लक ठेवूनच होऊ शकत होता, आणि शत्रूला दरसाल चिडवूनच अमलात येऊ शकत होता. त्याचे फळ काय झाले ते बीड-पैठणकडच्या एखाद्या खेड्याच्या खळ्यावर जाऊन पाहा. मळणी होऊन ज्वारीची रास पडली आहे. मोगलाईचा आमील आपला सारा मागतो आहे, मराठ्यांचा कमाविसदार चौथाईचा तगादा लावून बसला आहे, सरदेशमुखीचा गुमास्ता वेगळाच, आणि पाटील बिचारा दोघांतिघांपुढे हात जोडून उभा आहे. एकाला दिले तर दुसरा जाब विचारणार, दोघांना दिले तर पेरणीला बी उरणार नाही. या दुअमलीने रयत गांजली, आणि दोन्ही दरबारांना दर काही वर्षांनी तलवार उपसण्यास निमित्त मिळत गेले.

याहून निराळा तह त्या काळी कोणाच्या बुद्धीत येण्याजोगा नव्हता, असे मात्र म्हणू नकोस. तीनच वर्षांनी, 1731 त, वारणेचा तह झाला. वारणेच्या उत्तरेस शाहू महाराज आणि दक्षिणेस तेच संभाजीराजे, ज्यांना निजामाने प्यादे म्हणून पुढे सरकवले होते. नदी मर्यादा ठरली, कोणी कोणाच्या खळ्यावर जावयाचे उरले नाही, आणि शाहू महाराजांच्या हयातीत त्या दोन गाद्यांमध्ये पुन्हा युद्ध पेटले नाही. इतकेच काय, पालखेडाच्या आधी खुद्द निजामानेच हैदराबादेच्या आसमंतातील चौथाई सुटावी आणि मोबदला इंदापुराकडे घ्यावा, अशी बोलणी शाहू महाराजांच्या प्रतिनिधींमार्फत चालवल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. बाजीरावांनी ती हाणून पाडली, आणि निजामाच्या सोयीने, निजामाने ठरवलेल्या भावाने तो मोबदला घेण्यास त्यांनी नकार दिला हे योग्यच केले. पण मार्च 1728 मध्ये भाव ठरवणारे बाजीराव होते!

तेव्हा माझ्या कल्पनेतला मुंगी-शेवगावचा तह असा: गोदावरी ही मर्यादा, तिच्या दक्षिणेचा, अहमदनगरापासून बीड-धारूरपर्यंतचा मुलूख किल्ल्यांसह आणि पुऱ्या अमलासह स्वराज्यात, आणि त्याच्या बदल्यात नदीपलीकडच्या औरंगाबाद सुभ्यातील चौथाई-सरदेशमुखी माफ. निजाम जिवंत राहता, मानाने औरंगाबादेस जाता, आणि कदाचित या व्यवहारात आपलेच साधले असेही त्याला वाटते.

पुढचे सारे सुरळीत झाले असते, असे छातीठोकपणे कोण सांगेल? तह मोडण्यासाठीच करावेत अशी ती राजनीती होती. तरीही घडले ते पाहा. 1740 त निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याशी पुन्हा त्याच गोदाकाठी, मुंगी-पैठणास, तह करावा लागला. त्यात मिळालेल्या खरगोण-हंडियाकडचा बंदोबस्त पाहण्यास गेलेले बाजीराव रावेरखेडीस वारले. अहमदनगर हाती येण्यास 1759 उजाडले. 1760 च्या आरंभी उदगिरास सदाशिवराव भाऊसाहेबांनी साठ लक्षांचा मुलूख घेतला तो बत्तीस वर्षांचे वैर साचल्यावर, आणि लगेच त्यांना उत्तरेकडे पानिपताच्या वाटेला लागावे लागले, म्हणून तो पचलाही नाही. 1763 त पुणे जाळले गेले आणि राक्षसभुवनास गोदावरी रक्ताने तांबडी झाली. 1795 त खर्ड्याची लढाई. आणि खर्ड्याच्या अपमानाने पोळलेल्या त्या वेळच्या निजामाने 1798 त इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. पाच वर्षांनी असईवर वेलस्लीने शिंद्यांचा पाडाव केला तेव्हा हैदराबादचे राज्य इंग्रजांच्या पाठीशी होते. मला राहून राहून वाटते की खर्ड्याचे बीज पालखेडातच पडले. आणि मर्यादा असलेला शेजारी लाभता तर मराठ्यांचा वैरी असूनही निजामाला इंग्रजांच्या पदराआड जाण्याची तितकी निकड भासती ना.

बाजीरावांची दृष्टी उत्तरेकडे लागली होती; माळवा आणि बुंदेलखंड त्यांना साद घालत होते, आणि दक्षिणेत मुलूख घेऊन कारभारात गुंतण्यापेक्षा हक्क मान्य करवून मोकळे होणे त्यांना सोयीचे वाटले. त्यांच्या प्रतिभेपुढे मी नतमस्तक आहे. तथापि घोडदौडीने निजामाला जे अपूर्व कोंडीत पकडले, त्याचा मोबदला वसुलीच्या हक्कावर भागवला गेला, हे मला सलते, आणि निजामाचा वध न झाल्याच्या तुझ्या खंतीहून ते मला पुष्कळ अधिक सलते.

धारूर किंवा बीडकडचे त्या काळचे वसुलीचे कागद कोठे पाहावयास मिळाले, तर एकाच गावावर एकाच साली दोन्हीकडून किती आकार पडत होता तेवढे उतरवून मला पाठव. सौ. सूनबाईंस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा