ओ द्यायची नाही

वऱ्हाडात लहानपणी जे नियम न शिकवता अंगात भिनतात, त्यांतला एक रात्रीचा आहे. अंधारात कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच माणूस समजायचं. भुताला म्हणे तिसरी हाक मारता येत नाही. का येत नाही, असं विचारलं की मोठी माणसं "तुले काय करा लागते?" म्हणून गप्प बसवायची. मधूनच एखाद्या हिवाळ्यात हाकामारीची आवई उठे. ती दारात येते, ओळखीच्या आवाजात बोलावते, आईच्या नाहीतर मावशीच्या, आणि ज्यानं ओ दिली तो गेला. कसा गेला, कुठे गेला, याचा तपशील कुणाकडे नसे. तिचे दात कसे, नखं कशी, केस मोकळे की बांधलेले, तेही कुणी सांगत नसे. तिला होता फक्त आवाज.

हे आता निघायचं कारण, नांदगाव खंडेश्वरातली माझ्या ओळखीची काही पोरं भुताचं नाटक बसवत आहेत. मांडवात नाही, गावाबाहेरच्या शेतात. प्रेक्षकांनी खुर्च्यांवर बसायचं नाही. पाच-सात जणांच्या टोळीनं धुऱ्याधुऱ्यानं चालत जायचं आणि वाटेत जे भेटेल ते भेटू द्यायचं. परदेशातली असली नाटकं त्यांनी मोबाइलवर पाहिली आहेत. त्यामुळे पहिली मागणी अर्थातच ड्रॅक्युलाची: काळा झगा, ताठ कॉलर, दोन सुळे, हनुवटीवरून ओघळणारा लाल रंग. झग्याचं कापड अमरावतीहून आणायचंसुद्धा ठरलं होतं.

त्या कॉलरची गोष्ट मला ठाऊक होती. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीत ती नाहीच. १९२०च्या दशकात ड्रॅक्युला रंगभूमीवर आला, तेव्हा त्याला लोकांदेखत नाहीसं व्हायचं होतं. नट पाठमोरा व्हायचा आणि फळ्यांतल्या झाकणातून खाली सटकायचा. जाताना डोकं दिसू नये म्हणून कॉलर उंच. आपल्या शेतात फळ्या नाहीत, झाकण नाही. विहीर आहे, पण नटाला तिच्यात उतरवून काय साधणार? पोरं हसली आणि कापडाचा विषय मागे पडला.

स्टोकर मात्र पक्का नाटकवाला. लंडनच्या लायसियम थिएटरचा कारभार त्यानं वर्षानुवर्षं सांभाळला, आणि कादंबरी बाजारात यायच्या आठच दिवस आधी, १८ मे १८९७ला, नाट्यरूपाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून तिथेच तिचं वाचन उरकून घेतलं. नाटकवाला म्हणूनच की काय, त्यानं आपल्या भुताला एक अट घातली आहे आणि ती मला सुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त भिववते. घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. तो रात्रभर खिडकीशी फडफडेल, पण आत येणार तुमच्याच शब्दावर. म्हणजे हाकामारीचाच कायदा, फक्त दारं थंड मुलखातली. रक्त नंतर, आधी तुमची ओ.

मग रक्तपिपासूच हवा असेल तर वेताळ घ्या, असं मी सुचवलं. रिचर्ड बर्टननं १८७०मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्याला व्हॅम्पायर करून टाकलं होतं. मराठीत तो त्याआधी चाळीस वर्षं, सदाशिव काशीनाथ छत्र्यांच्या 'वेताळपंचविशी'तून छापला गेला होता, आणि 'चांदोबा' वाचलेल्या पिढ्यांना तर राजाच्या खांद्यावर लोंबकळणारं ते प्रेत घरच्या फोटोइतकं ओळखीचं. गोष्ट लिहून ठेवली अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं, 'कथासरित्सागरा'त. पण तिच्यातला राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, आपल्या पैठणचा. हा पैठणच्या राजाला भेटलेला वेताळ रक्ताच्या नादी लागत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. तोंड उघडलंस तर प्रेत पुन्हा झाडावर. प्रेक्षकाला दोन्हीकडून कोंडीत कसं पकडावं, याचा इतका स्वच्छ धडा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तरी खरा उस्ताद त्याच्याही आधीचा, आणि विदर्भातला. भवभूती, आठव्या शतकातला. आपलं गाव पद्मपूर, हे तो नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो, वा. वि. मिराशींनी ते गोंदिया जिल्ह्यातलं, आमगावजवळचं पदमपूर ठरवलं. आमच्या शिक्षणात तो 'उत्तररामचरिता'चा, करुणरसाचा धनी म्हणून आला. सीतेसाठी दगडाला रडवणारा हा माणूस 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात सबंध स्मशान उभं करतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मालतीचं लग्न राजाच्या मर्जीतल्या माणसाशी ठरलेलं. माधवाचे सगळे उपाय थकलेले. तेव्हा तो रात्री मसणवटीत जातो, हातात माणसाचं मांस, आणि बाजारात माळवं विकावं तशी आरोळी देतो: शस्त्रानं न कापलेलं, पुरुषाच्या अंगाचं, अस्सल आहे, घ्या!

गिऱ्हाइकं येतात. एक पिशाच प्रेताची कातडी सोलतं, आधी मांसल भाग उरकतं, मग सांध्यांच्या खोबणीतलं निवांत कोरून खातं. पिशाचिणींनी आतड्यांचं मंगलकंकण बांधलं आहे, काळजांच्या माळा घातल्या आहेत, कुंकवाच्या जागी रक्त लावलं आहे, आणि आपापल्या प्रियकरासोबत त्या कवटीच्या पेल्यातून हाडांतला रस पीत आहेत. हा सगळा साज नवरीचा आहे. तिकडे गावात मालतीच्या नकोशा लग्नाची तयारी चालली आहे आणि इकडे स्मशानात हे वऱ्हाड जमलंय. ड्रॅक्युलाच्या हनुवटीवरचा लाल रंग याच्यापुढे पोरकट वाटतो.

आणि हे सगळं उभं राहतं माधवाच्या बोलण्यातून. तो बघतो, सांगतो, आणि आपल्याला दिसतं. आपलं नाटक कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे, हेही भवभूती प्रस्तावनेत नोंदवतो. म्हणजे देवाला आलेले, दमलेले, पोरंबाळं सोबत असलेले लोक समोर. अशा गर्दीला त्यानं शब्दांवर धरलं. मग अंधारातून एक बाईचा आक्रोश येतो. अघोरघंट नावाच्या कापालिकानं मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला आणलेलं असतं. आवाज ओळखीचा वाटतो आणि माधव एकदम त्याच्याकडे धावतो. आपला वऱ्हाडी माणूस शेजारी असता तर त्यानं त्याला धरलं असतं: थांब ना बावा, तीनदा तं होऊ दे!

पोरांना हे ऐकवल्यावर आम्ही एका अमावास्येला शेत बघायला गेलो. सोयाबीन कधीच निघालेलं. तूर डोक्याच्या वर गेलेली, शेंगा भरत आलेल्या. तुरीच्या दोन तासांमधून अंधारात चालताना आपल्याच अंगाला घासणाऱ्या फांद्यांचा आवाज मागून येतो. थांबलं की तोही क्षणभर उशिरा थांबतो. पलीकडच्या पऱ्हाटीत फुटलेली बोंडं तेवढी पांढरी दिसतात आणि झाड दिसत नाही, त्यामुळे कापूस हवेत अधांतरी टांगल्यासारखा. रोही तुरीतून उठून पळाला तेव्हा आमच्यातला सगळ्यात धीट पोरगा सगळ्यांत आधी धुऱ्यावर पोचला. नेपथ्याचा खर्च तिथेच वाचला. लांब एका शेतात बॅटरीचा उजेड हलत होता. रातची लाईन होती, म्हणजे शेतीपंपाला वीज रात्रीची. कुणीतरी एकटा माणूस गहू-हरभऱ्याला पाणी फिरवत होता. विंचू-सापाच्या अंधारात दर दुसऱ्या आठवड्याला जाणाऱ्या त्या माणसाला आमच्या नाटकाचं तिकीट कोणत्या तोंडानं विकायचं, हा प्रश्न मला पडला. पोरांना तो पडला नाही, आणि त्यांच्या वयाला ते शोभतं.

उजेड म्हणून दंडारीतल्यासारखा एकच टेंभा असावा, असं ठरलं. खंडेश्वराचं देऊळ टेकडीवर आहे, काळ्या दगडाचं, यादवांच्या काळातलं. कृष्णदेव यादवाच्या वेळचा शके ११७७चा शिलालेख तिथला. महादेव भूतांचाच नाथ, पण देवळाच्या वाटेवर नाटकाची सावलीही पडू द्यायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं.

अडलं ते निंबापाशी. शेताच्या मधोमध मोठा निंब आहे. वेताळाचं प्रेत गोष्टीत झाडालाच लोंबत असतं, तेव्हा पोरांनी कडबा भरून, सदरा-धोतर घालून बुजगावणं केलं होतं. ते वर बांधायला एक जण चढलासुद्धा. शेताचे मालक काका तोवर बिडी ओढत नुसते बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "ह्या निंबाले काही टांगू नोका." आवाज चढवला नाही. अमरावती-यवतमाळकडच्या माणसाला याच्यापुढे काही विचारावं लागत नाही. शेतात टांगलेला सदरा इथे कुणाच्या तरी घरातला असतो. पोरगा खाली उतरला. बुजगावण्याचा कडबा त्यानं बैलांपुढे टाकला.

त्यानंतर नाटक बदललं. प्रेत गेलं, लाल रंग गेला. प्रवेशापाशी चहाची किटली आणि एक वही. येणाऱ्यानं वहीत नाव लिहायचं, तिथेच ठळक पाटी की हे नाटक आहे, भूतबित काही नाही. ही पाटी मी हट्टानं लावायला लावली. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, मिरच्यांची धुरी देणं, हे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे ते काही कल्पनेतून नाही, आणि अशा माराला बाईचं अंग सगळ्यांत आधी सापडतं. वहीतली नावं मोबाइलवरून तुरीत लपलेल्या माणसाकडे जायची. टोळी निंबाच्या पुढे गेली, टेंभा विझला, की अंधारातून त्यांतल्या एकाचं नाव घेऊन हाक. बस. एवढंच भूत.

भूत घालवायलाही आपल्याकडे आवाजच लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावोगाव रोगराईला नावानिशी ओरडून शिवेबाहेर काढतात. नागपुरात तर मारबतींचे पुतळे, काळी १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून, रस्त्यानं निघतात. मारबत म्हणजे दूध पाजून मारायला आलेली पूतनाच, असं सांगतात. सगळं शहर तिच्या मागे ओरडत चालतं. तिथे बघे कोण आणि नाटकवाले कोण, हे कुणी वेगळं करून दाखवावं.

हाक मारायला कुणाला बसवावं, यावर फार विचार करावा लागला नाही. निंदणाच्या बायांना एका धुऱ्यावरून चौथ्या शेतात बोलावणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या गळ्याला माइक लावणं हा माइकचा अपमान. त्यांनी तालमीला एका पोराचं नाव दोनदा घेतलं आणि तो पोरगा, सगळं ठाऊक असून, जागच्या जागी गपकन बसला. मग मावशीच तुरीतून बाहेर आल्या. "तिसरी मारू का नाई?"

यावर अजून भांडण चालू आहे. पोरांचं म्हणणं, दोनवरच सोडायचं, घरी जाईपर्यंत माणूस तिसरीची वाट बघत राहील. माझं मत उलट, तिसरी मारावी आणि बघावं कोण ओ देतो. मावशींना दोन्ही पटत नाही. "अन् पहिल्याच हाकेले कोणं ओ देल्ली तं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्याच्यासाठी कुणी काही लिहिलंच नाही. मावशींचा तोडगा असा की त्याला चहा पाजावा, पैसे परत करावे आणि कुणीतरी घरापर्यंत सोडून यावं.