दोन दुचाकी, दोन वाटा

सकाळी दहानंतर नांदेडच्या जुन्या मोंढ्यात मोटारसायकल चालविणे म्हणजे पोती वाहणारे हमाल आणि मागे सरकणारे टेम्पो यांतून वाट काढणे होय. तेथे माझी स्प्लेंडर कामाची. इंजिन ९७.२ सी.सी.चे, वजन सुमारे ११० किलो. लिटरला साठ किलोमीटरहून अधिक, असे माझी वही सांगते. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एका वर्तुळाला येऊन मिळतात, तेथेही अशीच हलकी गाडी हवी.

मात्र नांदेडहून लातूरला जाताना मी १९८६ची बुलेट काढतो. तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. स्प्लेंडरचा गिअर डावीकडे आणि चारही खाली. म्हणून एकीवरून उतरताच मी दुसरीवर बसत नाही. मध्ये चहा होऊ देतो. बुलेट सुरू करणे हाही एक विधीच. डिकॉम्प्रेसर दाबून अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच किक मारायची. घाई केल्यास ती पायाला उलट झटका देते.

लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर हा मार्ग आता चौपदरी झाला आहे. व्यापाऱ्यांची सोय झाली, हे निर्विवाद; पण साठच्या वेगाने जाणाऱ्यास तो कंटाळवाणा वाटतो. मी लोह्याहून कंधारकडे वळतो. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे नगर. किल्ल्याचा खंदक आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव पाहिल्यावर गावाचे पूर्ववैभव ध्यानी येते. भाद्रपदात दोन्ही बाजूंस सोयाबीन पिवळे पडू लागते, मधूनच तुरीचे हिरवे तास दिसतात आणि इंजिनाचा संथ ठोका त्या काळ्या रानात दूरवर ऐकू जातो.

चिरंजीवांच्या मते बुलेट म्हणजे पडून राहिलेला माल. हिशेबाने त्याचे खरे आहे. वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर धाव, वेगळा विमा, शिवाय दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. कर्जप्रकरण म्हणून माझ्यापुढे आले असते, तर मीही शेरा प्रतिकूलच लिहिला असता! परंतु ती विकली, तर मी लातूरला बसने जाईन आणि बस कंधारकडे वळणार नाही.

खरा प्रश्न उजव्या गुडघ्याचा आहे. डॉक्टरांनी किक मारणे वर्ज्य सांगितले आहे. नोंदणीची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवला आहे. सही अद्याप केलेली नाही.