तगाद्याची वेळ

हप्ता थकला की कर्जदाराचा आवाज आधी बसतो, आणि वसुलीवाल्याचं खरं भांडवल तेच. ‘पोलीस घेऊन येतो’ ही धमकी चालते ती ऐकणाऱ्याला कायदा ठाऊक नसतो म्हणून. नुसता हप्ता चुकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. शिवीगाळ नको, चारचौघांत पाणउतारा नको, नातेवाइकांना त्रास नको, हेही त्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर वाचण्यासारखं आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांवर न्यायालयाच्या हुकमानंही जप्ती येत नाही. मग जे न्यायाधीशाला जमत नाही, ते दारात उभ्या असलेल्या कमिशनवाल्याला कसं जमावं?

यावर म्हणतात, अशानं कर्जबुडव्यांचं फावेल. पण यातल्या एकाही नियमानं कर्ज माफ होत नाही. बँकेला दावा लावता येतो, तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन ते ताब्यात घेता येतं. बंदी आहे ती दहशतीला. त्रास झाला तर फोनची तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, आणि तिथे फी लागत नाही.