विजेची ऊणोदरी

डिसेंबरच्या अखेरीस मुलगी अमेरिकेहून रत्नागिरीला माहेरी आली, तेव्हा तिच्या सामानात वडिलांसाठी आणलेला एक हीटिंग पॅड होता. दुकानात दिवसभर उभे राहून वडिलांची कंबर धरत असे. फोनवर ते याविषयी चकार शब्द काढत नसत. पण उठताबसताना त्यांच्या तोंडून निघणारा सुस्कारा तिला सातासमुद्रापलीकडे ऐकू येई. पॅड मऊ होता, हलका होता, धुता येणाऱ्या खोळीत बसवलेला होता. पंधरा दिवसांनी ती परत गेली आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी वडिलांनी तो पहिल्यांदा वापरायला काढला. त्याच्या चपट्या पिना घरातल्या सॉकेटमध्ये बसेनात, म्हणून बाजारातून एक लहानसा अडॅप्टर आणला. पिन बसली, दिवा लागला, ऊब आली. वडिलांचा डोळा लागला.

आई शेजारच्या खोलीत सामायिकात बसली होती. काही मिनिटांतच तिला रबर जळल्यासारखा वास आला. सामायिकात असताना विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. पण वास वाढत चालला, तशी ती उठली, धावत गेली आणि तिने बटण बंद केले. चादरीला तळहाताएवढे काळे भोक पडले होते. वडिलांच्या पाठीवर लाल चट्टा उमटला होता, एवढ्यावरच निभावले. मोडलेले सामायिक आईने दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्तासह पुन्हा केले.

ही गोष्ट मुलीला सांगायची नाही असे दोघांनी ठरवले होते. पण पॅड कसा चालतो, असे तिने आपणहून विचारले आणि आईला खोटे बोलता आले नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

दोष कोणाचा होता? वस्तू नवी होती, घरातली वीज नेहमीचीच होती आणि अडॅप्टरही धड होता. वायरमनने जळका पॅड उलटापालटा केला आणि कडेला शिवलेली बारीक अक्षरांची पट्टी वाचून दाखवली : १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. रत्नागिरीच्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची. म्हणजे दाब दुपटीच्या जवळपास. पण उष्णता नुसती दुपटीने वाढत नाही. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट. १२० व्होल्टसाठी केलेली तार २३० वर लावली, तर ती साडेतीनपटींहून अधिक तापते. पन्नास वॅटची ऊब देण्यासाठी घडवलेली वस्तू पावणेदोनशेहून अधिक वॅटचा दाह देऊ लागते. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेच्या दाबाला तो हातही लावत नाही. तो बदलण्याचे काम ट्रान्सफॉर्मरचे.

रत्नागिरीत ही शंका कोणाला सहसा येत नाही, त्याला कारण आहे. जिल्ह्यातील कित्येक घरांतील माणसे दुबई, कुवेत, मस्कत येथे नोकरीला जाऊन आली. येताना त्यांनी इस्त्र्या आणल्या, मिक्सर आणले, आणि पिन बदलताच ती यंत्रे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली. त्या देशांतील विजेचा दाब आपल्यासारखाच २२० ते २४० व्होल्टच्या घरातला, आणि कंपनेही सेकंदाला ५०. परदेशची वस्तू म्हणजे केवळ पिनेचा प्रश्न, अशी समजूत त्यातून सहज रुजली. ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया यांच्याबाबतीत ती चालून जाते. अमेरिका आणि कॅनडा (१२० व्होल्ट) किंवा जपान (१०० व्होल्ट) येथे मात्र ती घात करते.

योगायोग असा, की मुलीचे बिऱ्हाड न्यू जर्सीतील एडिसन या गावी आहे. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या या गावाला १९५४ साली थॉमस एडिसनचे नाव देण्यात आले; कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच परिसरात होती. तेथे १८७९ साली त्याचा दिवा उजळला. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केले. त्या काळच्या दिव्यांना मानवणारा ११० व्होल्टच्या आसपासचा दाब तेथे रूढ झाला. पुढे वीज एकदिश होती ती प्रत्यावर्ती झाली. पण घरोघरी दिवे आणि उपकरणे बसून गेली होती, म्हणून दाब साधारण तोच राहिला. युरोपात १८९९ साली बर्लिनच्या वीजकंपनीने २२० व्होल्टचा मार्ग धरला. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात पोचते आणि बारीक तारेवर काम भागते. युरोपने पुढे हाच मार्ग स्वीकारला आणि भारतातही तोच रुळला. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात, कोयनेच्या पाण्यावर फिरणारी जनित्रेही याच ५० हर्ट्‌झच्या तालात फिरतात.

अमेरिकेतल्या प्रत्यावर्ती विजेचा मोठा उत्सव झाला तो १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. वेस्टिंगहाउसच्या दिव्यांनी ते झगमगले होते. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून उभे होते. मुनिधर्मामुळे आचार्य विजयानंदसूरी स्वतः जाऊ शकत नव्हते, म्हणून एकोणतीस वर्षांचा हा श्रावक गेला. परमुलखात आपला आचार कसा सांभाळावा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी लेकीकडे निघालेल्या आईपुढेही तो होता, स्वयंपाकघरापुरता.

मुलीच्या बाळंतपणासाठी आई ऑगस्टमध्ये एडिसनला गेली. पर्युषण तेथेच येणार होते. उपवासात उकळलेलेच पाणी चालते, आणि तेही दिवसाउजेडी. पहाटे भांड्यांचा आवाज होऊन तान्हे बाळ जागे होऊ नये, म्हणून तिने रत्नागिरीची आपली दीड लिटरची विजेची किटली बरोबर घेतली होती. हा विचार करताना जळलेल्या पॅडचे गणित तिच्या ध्यानातच आले नव्हते.

पहिल्या उपवासाच्या सकाळी तिने अडॅप्टर लावून किटली सुरू केली. घरी पाच मिनिटांत उकळी फुटे. येथे पाच मिनिटांनी पाणी जेमतेम कोमट झाले होते. किटली बिघडली असे तिला वाटले. कोमट पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे, आणि तीन उकळ्या आल्याशिवाय ते प्यायचे नव्हते. मुलगी उठून आली, तिने किटलीचा तळ पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तेच गणित येथे उलटे झाले होते. १५०० वॅटची किटली अर्ध्या दाबावर ४०० वॅटच्याच आसपास काम करत होती. “आई, बंद कर ती,” असे म्हणून मुलीने प्लगकडे हात नेला. आईने तिला थांबवले. किटलीला वास नव्हता, चटका नव्हता; ती फक्त सावकाश चालली होती. वीस-पंचवीस मिनिटांनी बुडबुडे आले, मग उकळी. आई म्हणाली, “हिची ऊणोदरी चालली आहे गं. पोटाला कमी मिळाले, म्हणून काम संथ झाले, एवढेच. तो पॅड अतिभोजनाने गेला.”

भुकेपेक्षा चार घास कमी खाणे हे बाह्य तपांपैकी एक तप आहे. तापणाऱ्या साध्या तारेला ते झेपते. पण हेच प्रत्येक यंत्राला लागू करू नये. फ्रिजसारख्या यंत्राच्या मोटरला दाब कमी पडला, तर ती जोर लावत राहते, जास्त प्रवाह ओढते आणि तापून जळते. उन्हाळ्यात दाब उतरला की कोकणातल्या घरांत फ्रिजला स्टेबिलायझर लावतात तो याचसाठी. तप यथाशक्ती करावे असे शास्त्र सांगते, ते यंत्रांनाही लागू पडते म्हणायचे.

म्हणून प्रवासाला निघताना सामान बांधण्याआधी वस्तूवरची पट्टी वाचावी. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे लिहिलेले असते. असा चार्जर जगात बहुतेक सगळीकडे चालतो, त्याला केवळ पिन बदलून पुरते. जेथे एकच आकडा आहे आणि तो त्या देशाच्या दाबाशी जुळत नाही, तेथे वस्तूच्या वॅटपेक्षा अधिक क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. मोटरच्या वस्तूला तर बरीच अधिक क्षमता हवी, कारण सुरू होताना ती जास्त प्रवाह मागते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, कंपने बदलत नाही. ६० हर्ट्‌झच्या तालावर चालणारे मोटरचे घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडते. आणि जी वस्तू तेथे सहज मिळते, ती वाहून नेऊच नये. अपरिग्रहाचा तो सर्वांत सोपा धडा आहे.

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपल्यावर मुलीने रत्नागिरीला फोन लावला. एडिसनला रात्र पडली होती, रत्नागिरीत पहाट होत होती. जानेवारीपासून ती वडिलांशी कंबरेविषयी बोलली नव्हती.

“बाबा, मिच्छामि दुक्कडम्. पट्टी वाचली असती तर...”

“मिच्छामि दुक्कडम्, बाळ,” वडील म्हणाले. “चष्मा तर माझ्याही नाकावर होता.” थोडे थांबून त्यांनी सांगितले, की शेकायला आता रबराची पिशवी आणली आहे, तिच्यात गरम पाणी भरले की झाले. मग त्यांनी विचारले, “आणि आईची किटली उकळते ना?”

“उकळते बाबा,” ती म्हणाली. “जरा वाट पाहावी लागते.”