सीन आणि शीन

आम्ही पुण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात दर शनिवारी इमला, म्हणजे श्रुतलेखन असते. उर्दूत से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे असली तरी तोंडातून तिन्हींचा 'स'च निघतो. तिथे मुले गोंधळली तर आम्ही रागावत नाही. लहानपणी आम्हीही गोंधळायचो. सीन आणि शीन यांचे मात्र तसे नाही. 'सब' म्हणजे सगळे आणि 'शब' म्हणजे रात्र. आवाज वेगळा, अर्थ वेगळा. ही चूक दिसली की 'लक्ष नाही' असा आमचा निकाल ठरलेला असे.

२०२२ साली टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा भरल्या. तोंडावर मास्क, वर्गात साठ मुले आणि खिडकीखाली रिक्षांचा रस्ता. घसा बसू लागला तेव्हा आम्ही सहकाऱ्यांकडून वर्गणी काढली आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. तयार स्पीकर परवडेनात, म्हणून सुटे सामान घेतले. छोटा अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि दोन डब्यांचे संच. प्रत्येक संचात सहा इंची वूफर, एक इंची ट्वीटर, एक कपॅसिटर आणि भोके पाडलेल्या प्लायच्या फळ्या. आमच्या अब्बांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, बी.एड. होण्याच्या कितीतरी आधी आम्ही सोल्डर करायला शिकलो होतो. दोन संध्याकाळींत डबे तयार झाले. ते वर्गातल्या फळ्याच्या वर, कठड्यावर आडवे ठेवून दिले. आवाज दणदणीत आला. आम्ही खूश.

पुढच्या शनिवारी वह्या तपासल्या आणि खुशी उतरली. मागच्या बाकांवर चुका वाढल्या होत्या. 'शब'चे 'सब', 'शाल'चे 'साल'. सगळ्यांत वाईट वही शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची. वीसपैकी सात बरोबर. आम्ही तिला उभे केले आणि म्हणालो, "ध्यान कहाँ रहता है तेरा?" ती काही बोलली नाही. आमच्या तोंडाकडे, म्हणजे मास्ककडे, बघत राहिली.

घरी अब्बांना सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कपॅसिटर कितने का है?" आम्ही म्हणालो, "दो पॉइंट दो." अब्बा हसले. "फिर तो ट्वीटर सो रहा है, बेटा."

आम्ही कागदावर हिशोब मांडला. आठ ओहमच्या ट्वीटरला २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर तो सेकंदाला ९००० कंपनांच्या आसपास खरे काम सुरू करतो. सहा इंची वूफर त्याच्या बराच आधी दमतो, आणि बाजूच्या बाकांना तर त्याचा वरचा आवाज पोचतच नाही. मधली जागा रिकामी. सीनचा आवाज मुख्यतः ४००० ते ८००० या पट्ट्यात असतो, शीनचा त्याहून खालून सुरू होतो. म्हणजे आमचा डबा नेमकी अक्षरेच गिळत होता. दणदणाट तेवढा पोचत होता.

४.७ चा कपॅसिटर लावला तर ट्वीटर ४२०० च्या सुमारास जागा होतो. पण मग दुसरी अडचण उभी राहिली. संचाच्या फळीवर वूफर एका टोकाला, ट्वीटर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये शोभेची चकचकीत पट्टी होती. दोघांच्या मध्यांत अंतर ३० सेंटीमीटर. ४००० कंपनांच्या आवाजाची लाट साडेआठ सेंटीमीटरची. एखाद्या बाकापासून वूफर आणि ट्वीटर यांच्या अंतरात चारेक सेंटीमीटरचा फरक पडला की एकाची लाट दुसऱ्याची लाट खाते. डबे आडवे असल्यामुळे एका बाकाला ऐकू यायचे आणि शेजारच्या बाकाला नाही.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून प्लायचे तुकडे आणले. नव्या फळीत ट्वीटर वूफरला जवळजवळ चिकटवून बसवला. अंतर १३ सेंटीमीटरवर आले. एक ट्वीटर या खटपटीत जळाला. त्याचा जोडीदार रविवारी जुन्या बाजारात शोधला. मीटर सोबत नेला होता. आठ ओहमचा ट्वीटर मीटरवर साधारण सहा दाखवतो, तो बघूनच घेतला. डब्यात पिंजाऱ्याकडचा कापूस भरला. डबे उभे टांगले आणि तोंड शेवटच्या बाकाकडे झुकवले, कारण ट्वीटरचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो.

त्या शनिवारी मागच्या बाकांच्या वह्या सुधारल्या. त्या मुलीची वही मात्र होती तशीच. वीसपैकी आठ.

आता दोष डब्याचा नव्हता. लक्षाचाही नव्हता, हे उशिरा का होईना आमच्या ध्यानात आले. ती मास्ककडे का बघत होती, तेही. तिच्या आईला बोलावले. आई म्हणाली, "सर, कान में मशीन लगी तो कल इसे कौन पूछेगा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पण तपासणीला ती तयार झाली.

ससूनमध्ये तिच्या कानांचा आलेख काढला. १००० पर्यंत रेघ जवळजवळ सपाट आणि पुढे उतारावरून घसरत गेलेली. आम्ही तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. आमच्या पहिल्या डब्याचा आलेख काढला असता तर तो असाच आला असता. त्या डब्यासाठी आम्ही तीन रविवार घालवले होते. तिला आम्ही उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर आम्ही तिची माफी मागितली. मुले गोंधळली. शिक्षक माफी मागतात हे त्यांनी पाहिले नसावे.

काही महिन्यांनी तिला यंत्र मिळाले. ओढणीखाली ते दिसत नाही. पहिल्या बाकावर बसून तिने इमला लिहिला. चौदा बरोबर. आम्ही शाबासकी द्यायला गेलो, तर ती वर बघत म्हणाली, "सर, ये पंखा बहोत आवाज करता है."

आम्ही साठ मुलांसह वर बघितले. खरेच करत होता. येत्या रविवारी शिडी आणायची आहे.